वरून आलं, असं मी म्हणालो

निवृत्ती, तुझी जागा रिक्त धरायला मी सांगितलं होतं.

हे मी आजपर्यंत कोणाला बोललेलो नाही. घरात नाही, ऑफिसात नाही, तुझ्याशी तर नाहीच. तुझ्याशी इतकी वर्षं बोललो, बहुतेक वेळा भांडलोच, पण बोलणं या गोष्टीच्या जवळ आलं की मी चहा मागवायचो. तुला वाटायचं, याला चहा फार लागतो.

आता तू नाहीस म्हणून सांगतोय, यात धीटपणा काही नाही. तुझ्यासमोर सांगितलं असतं तर तू प्रश्न विचारले असतेस, आणि तू एकदा विचारायला लागलास की समोरच्याचा विद्यार्थी व्हायचा. ते मला झेपलं नसतं.

आधी तुझा उपकार सांगतो, कारण पुढचं सगळं त्याच्यावरच उभं आहे. एम.ए.ला आपण एका बाकावर होतो. तुला शिकवायचं होतं. मला नोकरी हवी होती, कसलीही. स्पर्धा परीक्षेतला अर्थशास्त्राचा भाग माझ्या डोक्यात शिरत नव्हता, तेव्हा गोदाकाठच्या पायऱ्यांवर बसून तू मला महसुली तूट शिकवलीस. "हे बघ श्री, घर बांधायला कर्ज काढलं तर घर तरी उरतं. किराणा भरायला कर्ज काढलं तर काय उरतं? डबे. तेही रिकामे. राज्य पगार द्यायला कर्ज काढतं ना, तेव्हा ते किराणा उधारीवर आणतं." मी पास झालो. मुलाखतीत हाच किराणा मी त्यांना ऐकवला. त्यांना फार आवडला. तुझं नाव मी घेतलं नाही. घ्यायचं कारणही नव्हतं म्हणा. पण तुझं बोलणं माझं म्हणून खपवायची सवय मला तिथूनच लागली.

मी मुंबईला गेलो, राज्याच्या पैशांची तोंडमिळवणी जिथे करतात अशा एका ऑफिसात. तू आपल्याच कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवायला लागलास. तासिका तत्त्व म्हणजे काय ते मला तूच समजावलंस, नाशिकच्या जुन्या सीबीएस बसस्टँडसमोर उभ्याउभ्या, कागदाच्या पुडीतला कांदा घातलेला भत्ता खात. जेवढे तास घेतले तेवढ्याचे पैसे. सुट्टीचे नाहीत, आजारपणाचे नाहीत, मे महिन्याचे तर मुळीच नाहीत. जूनमध्ये पुन्हा मुलाखत, पुन्हा नेमणूक.

"कॉलेजात अर्थशास्त्राची एक जागा आहे," तू म्हणालास. "त्या जागेवर रोज मी उभा असतो. पण मस्टर बघशील तर जागा रिकामी. कागदावर मी नाहीच रे. मी फक्त घड्याळात आहे." मग पुडी माझ्यापुढे धरलीस. "आणि हा मला मिळणारा एकमेव भत्ता. घे, तुला महागाईचा मिळतो, मला मुरमुऱ्याचा."

मी पोट धरून हसलो. विनोद चांगला होता. म्हणूनच लक्षात राहिला.

त्यानंतर थोड्याच काळात केंद्र आणि राज्यांमध्ये ती व्यवस्था आली, जी तू पुढे जन्मभर वर्गात शिकवलीस. तू तिला थोरल्या-धाकट्याचा करार म्हणायचास. धाकट्यानं थोरल्याकडून पूर्वी चढ्या व्याजानं कर्ज घेतलेलं. थोरला म्हणतो, व्याज कमी करतो, हप्ते लांबवून देतो, पण तू हात आवर. दरवर्षी तूट खाली आणून दाखव, आणि नुसतं तोंडानं नको, तसा कायदाच कर. आज कोणाला आठवत नसेल, पण तेव्हा तू या कराराच्या बाजूनं होतास. "बरंच झालं की! कोणीतरी कान धरायलाच हवा होता," असं तू मला फोनवर म्हणाला होतास. किराण्याचं उदाहरण देणारा माणूस दुसरं काय म्हणणार?

तूट खाली आणायची म्हणजे खर्च कापायचा. व्याज कापता येत नाही, पेन्शन कापता येत नाही. मग उरतात रिकाम्या जागा. ज्या खुर्चीवर माणूसच नाही ती काढली तर कोणी रडत नाही, मोर्चा येत नाही, आणि कागदावर बचत दिसते. आमच्याकडे कामाची रीतच होती ती. आधी रिकामं काय आहे ते शोधायचं.

त्या दिवशी जेवणाआधीच्या बैठकीत कॉलेजांचा विषय निघाला. शिक्षण खात्याकडून आलेला माणूस जरा चाचरत म्हणाला, "या जागा तशा रिकाम्या नाहीत हो. तिथं शिकवणं चालू आहे."

आमच्या मोठ्या साहेबांनी विचारलं, "मग भरल्यात का?"

"भरल्या नाहीत. पण रिकाम्याही नाहीत."

"अहो, मग आहेत तरी काय?" सगळे हसले. तो बिचारा कागद चाळायला लागला.

मी त्या खोलीत सगळ्यात कनिष्ठ. भिंतीकडच्या खुर्चीत, मांडीवर फायली घेऊन बसलेला. तोवर त्या बैठकांमध्ये माझ्याकडे कोणी पाहिलंसुद्धा नव्हतं. मला तुझं बोलणं आठवलं, आणि ते बाहेर पडलं. "साहेब, तासिकेवरचा माणूस कागदावर नसतोच. तो फक्त घड्याळात असतो. जागा रिक्तच धरायला हवी."

साहेबांनी मान वळवून पाहिलं. "वा," म्हणाले. "काय नाव तुमचं?"

झालं. इतकंच झालं. तू माझ्यापुढे पुडी धरून केलेली थट्टा मी तिथे तुझ्याविरुद्ध पुरावा म्हणून दिली, आणि जेवायला उठण्याआधी ती मान्य झाली. त्या दुपारी जेवताना साहेबांनी मला आपल्या टेबलावर बोलावलं. मला भूक चांगली लागली होती, हेही आठवतं.

तेव्हा तुझा चेहरा डोळ्यांसमोर आला नाही का, असं तू विचारशील. आला. मी मनाशी म्हटलं, त्याचं आपण नंतर बघू.

आणि नंतर बघायची वेळ खरंच आली. ज्यांच्यावाचून अगदीच अडेल अशा जागांसाठी अपवादाची सोय ठेवली होती. आपल्या कॉलेजचा प्रस्ताव माझ्याच टेबलावर आला. विषयाला एकच जागा, दुसरा शिक्षक नाही. टिकण्यासारखा प्रस्ताव होता. माझ्या दोन ओळींची गरज होती. मी काही न लिहिता तो पुढे सरकवला, आणि ज्या प्रस्तावावर कोणी काही लिहीत नाही त्याचं पुढे काय होतं ते मला चांगलं माहीत होतं.

का, ते सांगतो. उद्या कोणी म्हटलं असतं, मित्राची जागा वाचवली. माझ्या हातून कधी कोणा ओळखीच्याची शिफारस गेली नाही याचा मला त्या काळात फार अभिमान होता. दुसऱ्या कोणा अनोळखी माणसाची जागा असती तर मी त्या दोन ओळी लिहिल्या असत्या, निवृत्ती. काहींसाठी लिहिल्याही. तू माझा मित्र होतास म्हणून तुझी गेली.

जागा रद्द झाल्याचं कळल्यावर तू मला फोन केला नाहीस. मी सुट्टीवर आलो तेव्हा नुसतं म्हणालास, "चल येवल्याला. अण्णांना सांगायचंय. एकट्यानं नको वाटतं."

तुझे वडील पैठणी विणायचे. तुझ्या विषयातलं त्यांना काही कळत नव्हतं. त्यांचा एकच प्रश्न असायचा, आणि आपण चपला काढतोय तोच तो आला. मागावरून मान वर न करता.

"लागला का रे?"

"नाय अण्णा. ती जागाच गेली."

"गेली? कुठं गेली? कालेज हाय ना जाग्यावर?"

"कॉलेज आहे. पोरं आहेत. मी पण आहे. जागा रद्द झाली."

अण्णांचे हात थांबले. त्यांनी आधी तुझ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "तू तर मुंबैला मोठ्या हापिसात हायेस. तुला ठावं असंल. कोनी केलं हे?"

"अण्णा, वरून आलं," मी म्हणालो.

"वरून म्हंजी?"

"दिल्लीहून."

"दिल्लीवाल्याला येवल्याचं पोरगं लय बरं दिसलं," अण्णा म्हणाले, आणि पुन्हा धोटा टाकायला लागले.

तू माझ्याकडे पाहत होतास. मला वाटलं, ओळखलंस. पण नाही, तू विश्वास ठेवलास. परतीच्या एसटीत विंचूरला कांद्याच्या ट्रॅक्टरांच्या रांगेत गाडी अडकली, तेव्हा म्हणालास, "म्हणजे करार करतानाच त्यांनी शिक्षक मोजले होते."

मी खिडकीबाहेर बघत होतो. "असेल," म्हणालो.

जागा गेल्याचं दुःख तू कधी फारसं दाखवलं नाहीस. त्यामुळे मला जास्त छळतो तो हा "असेल". तू त्याच्यावर पुढचा सगळा युक्तिवाद उभा केलास. जो माणूस तूट आवरायच्या बाजूचा होता तो उलट बाजूला गेला. स्थानिक पेपरांत लेख लिहिलेस, लायब्रऱ्यांमधून व्याख्यानं दिलीस. दिल्ली राज्यांच्या हातात सवलत ठेवते आणि दुसऱ्या हातानं वर्गातून मास्तर उचलून नेते, हे तुझं ठरलेलं वाक्य. केंद्र जो उपकर आणि अधिभार घेतं त्यात राज्यांना वाटणी मिळत नाही, हे तू दिंडोरीच्या लोकांना द्राक्षांच्या पेट्यांवरून सांगायचास. सामाईक बागेतला माल वाटणीच्या पेटीत भरला तर धाकट्याला द्यावा लागतो, म्हणून थोरला वेगळ्या नावाच्या पेट्या काढतो आणि त्यात भरतो. लोक माना डोलवायचे. ते तुझं म्हणणं खरंच होतं, आजही आहे. पण मास्तर उचलून नेण्याचं जे होतं, ते माझ्या थापेवर उभं होतं. "कुठे वाचलंस? पान सांग," असं विचारल्याशिवाय तू पोरांना पुढे जाऊ देत नव्हतास. ही एक गोष्ट तू तपासली नाहीस, कारण ती मी सांगितली होती.

आणि गंमत बघ, भांडणात मी दिल्लीची बाजू घ्यायचो. निदान तेवढं तरी खरं बोलावं म्हणून असेल.

"दिल्लीला शिव्या देणं सोपं आहे. राज्य काय करतं ते बघ की," मी म्हणायचो.

"बघतोय ना. राज्य तुझ्यासारख्यांना खुर्चीत बसवून ठेवतं. काय सचिव?"

मी सचिव झालो नाही, होणारही नाही, पण तू मला कायम सचिवच म्हणालास. केंद्र राज्यांना पन्नास वर्षांचं बिनव्याजी कर्ज द्यायला लागलं, तेव्हा तुझा फोन आला होता. "वाचलंस का सचिव? फेडणारे अजून जन्मायचेत, पण अटी आत्तापासून!" फोन ठेवताना, "तुमच्या ऑफिसात बाकी सगळं रिकामंच ना?" मी हसलो होतो. ते हसणं कसं होतं ते तुला फोनवर दिसलं नसेल.

तुझ्या घरात केंद्र आणि राज्य पाहुण्यांसारखे होते. शोभावहिनी अंगणवाडीत; त्यांच्या मानधनात एक हिस्सा केंद्राचा, एक राज्याचा, आणि दोघांना कधी एका गाडीनं यायला जमायचं नाही. म्हसरूळच्या घरात पाऊल टाकलं की वहिनी दारातच सांगायच्या, "भाऊजी, केंद्र आलं. राज्य अजून वाटेत आहे."

तू आतून ओरडायचास, "राज्याला म्हणावं, येताना माझं पण घेऊन ये!"

"तुमचं कोणी पाठवतच नाही, तर आणणार कुठून?"

तुझी ऋतुजा लहान होती तेव्हा तिला खरंच वाटायचं की केंद्रकाका आणि राज्यकाका असे कोणी तुझे मित्र आहेत, आणि त्यातला राज्यकाका फार आळशी आहे. तिनं एकदा मला विचारलं, "तुम्ही राज्यकाका का?" तू हसून हसून खाली बसलास. "बरोब्बर ओळखलंस गं!" मीही हसलो. आणि वहिनींकडे चहा मागितला.

आणि ती जूनमधली मुलाखत. दरवर्षी तीच, कागदावर नसलेली जागा, तोच तू. शेवटच्या काही वर्षांत मुलाखत घेणारा वाणिज्यचा विभागप्रमुख तुझाच विद्यार्थी होता. "सर, बसा ना," तो म्हणायचा. तू उभाच राहायचास. "आधी नाव विचार. रीत आहे." "सर, लाजवू नका हो." मग तू सांगायचास, "नाव निवृत्ती. नियुक्ती व्हायची आहे." हे तू मला इतक्या वेळा हसत सांगितलंस की तुला ते लागत नाही असं मी धरून चाललो. अण्णा शेवटच्या आजारात होते तेव्हा मी येवल्याला आलो होतो, आठवतं? त्यांना माणसं ओळखू येत नव्हती, पण प्रश्न शाबूत होता. "लागला का रे?" तू त्यांचा हात धरून म्हणालास, "लागलो, अण्णा." तुझी मला माहीत असलेली ही एकच थाप. मी दाराशी उभा होतो. तिथून मला वाड्याच्या—नाही, वाडा कसला, त्या दोन खोल्यांच्या—मागच्या बाजूला जाऊन उभं राहावं लागलं.

तीन-चार वर्षांपूर्वीची सोमेश्वरची संध्याकाळ मी टाळत होतो. आता लिहितो. मी बदलून नाशिकला आलो होतो. धबधब्याच्या अलीकडे आपण कणसं घेतली. तू म्हणालास, "श्री, मी ते मूळ कागद वाचले. आता सगळे संगणकावर मिळतात. कराराच्या अटी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचल्या."

"बरं."

"तूट किती असावी ते आहे. पगाराचा खर्च आवरा, असं मोघम आहे. पण तासिकेवरच्या माणसाची जागा रिकामी धरा, असं कुठं नाही. कुठंच नाही. तूट कमी करा म्हटलंय, कोणाला कमी करा ते राज्यानं ठरवायचं होतं."

मी कणसावरचं मीठ झटकत राहिलो.

"मग वरून म्हणजे कुठून रे?"

"अरे, अशा गोष्टी तोंडी असतात," मी म्हणालो.

"तोंडी," तू म्हणालास. पाण्याकडे बघत राहिलास. मग अगदी साध्या आवाजात, "तोंड कोणाचं तरी असेल ना पण."

मी चहा मागवला.

त्यानंतर तू ते लेख लिहायचे बंद केलेस. का, ते मी विचारलं नाही. विचारलं असतं तर तू सांगितलं असतंस.

पुढच्या वर्षी माझं हृदयाचं ऑपरेशन झालं. तू रोज दुपारी यायचास, डब्यात वहिनींची पातळ खिचडी घेऊन. सगळा खर्च मला सरकारकडून परत मिळाला. तू मात्र दुपारी दिंडोरीच्या कॉलेजात घ्यायचे ते जादा तास बुडवून येत होतास, म्हणजे स्वतःच्या पैशांवर पाणी सोडून येत होतास, आणि हे मला हिशेब करून कोणी सांगायची गरज नव्हती. मी म्हणालो, "रोज कशाला येतोस?" तू म्हणालास, "तुझी जागा रिकामी झाली नाही ना ते बघायला." तू ते ओळखून म्हणालास की नेहमीसारखा बोललास, यावर मी हॉस्पिटलमध्ये रात्रंदिवस विचार केला. ओळखून येत होतास तर मी किती लहान माणूस आहे. न ओळखता येत होतास तर त्याहून लहान.

तुझा शेवट मला मुलांकडून कळला. दिंडोरीच्या वर्गात तू मधेच टेबलाला धरून थांबलास. एका मुलीनं विचारलं, "सर, बसता का?" तू म्हणालास, "तास संपला की बसतो." तास पुरा केलास, बसलास, आणि मग उठला नाहीस. ती मुलगी रडत मला सांगत होती की सर किती कर्तव्यदक्ष होते. अर्धवट घेतलेल्या तासाचे पैसे धरत नाहीत, हे तिला माहीत नव्हतं. मला माहीत आहे. तू काय शिकवत होतास ते मी तिला विचारलं नाही.

अमरधामकडे नेताना गाडी वळसा घालून न्यावी लागली. सिंहस्थाच्या कामांनी रस्ते उकरून ठेवलेत. तू असतास तर खड्ड्याकडे बोट दाखवून विचारलं असतंस, यात केंद्राचा हिस्सा किती आणि राज्याचा किती. मला तो प्रश्न तुझ्या आवाजात ऐकू आला. उत्तर द्यायला मी तोंडही उघडलं असावं, कारण शेजारच्यानं माझ्याकडे पाहिलं.

आपल्या कॉलेजातल्या शोकसभेत प्राचार्य म्हणाले, "सरांच्या जाण्यानं कॉलेजात कधीही न भरून येणारी पोकळी निर्माण झाली आहे." मी मागच्या रांगेत होतो. निवृत्ती, मला हसू आलं. खरंच आलं, आणि आवरेना. तू जिवंत असताना, तिथे उभा राहून शिकवत असताना, ती पोकळी आम्हीच तर धरून ठेवली होती. शेजारच्याला वाटलं मी हुंदके देतोय. त्यानं पाठीवर हात ठेवला, आणि मग मात्र ते हुंदकेच झाले. पुढच्याच आठवड्यात तुझ्या तासांना एक तरुण मुलगा उभा राहिला. तासिकेवर. त्याला तुझी कपाटाची किल्ली दिली म्हणे.

तुझे विद्यार्थी तुझ्या लेखांचं पुस्तक काढताहेत. माझ्याकडे आले. "तुम्ही सरांचे मित्र, शिवाय सरकारच्या अर्थ खात्यातले. प्रस्तावना तुम्हीच लिहा." मी नाही म्हणायला हवं होतं. हो म्हणालो, आणि प्रस्तावना लिहायला बसलो तर हे लिहून झालं. त्यांना हेच देणार आहे. तुझ्या लेखांत जिथे जिथे दिल्लीनं मास्तर नेले असं आहे तिथे खाली दुरुस्ती हवी, आणि दुरुस्तीखाली नाव हवं. तू पोरांना तेच शिकवायचास.

परवा म्हसरूळला गेलो होतो. वहिनींनी तुझा फोटो अजून भिंतीला लावलेला नाही, टेबलावरच टेकवून ठेवलाय, पुस्तकांना. त्या म्हणाल्या, "भाऊजी, एक विचारू का? हे कायम म्हणायचे, आपली जागा वरून गेली. शेवटी शेवटी म्हणायला लागले, वरून नव्हती गेली. मी म्हटलं, मग कोणी घालवली? तर म्हणाले, ते श्रीला विचार. मी म्हटलं, तुम्हीच का नाही विचारत? तर म्हणाले, मी विचारलं तर त्याला यायची चोरी होईल."

मी टेबलाकडे बघत होतो.

"काय हो ते, भाऊजी? कोणी केलं?"

"वहिनी," मी म्हणालो, "थोडा चहा मिळेल का?"

त्यांनी केला. मी प्यायलो आणि घरी आलो.

हा मजकूर मुलांच्या हाती देण्याआधी मला परत तिथे जायचं आहे. तुझं माझ्याकडे जे येणं आहे ते एवढं आहे, निवृत्ती: शोभावहिनींच्या प्रश्नाचं उत्तर, त्यांच्यासमोर बसून, माझ्या तोंडानं. ते मी अजून दिलेलं नाही.